टू-हाय, फोर-हाय, फोर-लो: फेब्रुवारीतली स्पिती

उन्हाळ्यातली स्पिती मी आधी एकदा पाहिली होती, पण बर्फातली बघायची हे बरीच वर्षं डोक्यात होतं. हिवाळ्यात कुंझुम खिंड बंद असते त्यामुळे मनालीकडून काझाला जाता येत नाही, शिमला-रामपूर-किन्नौर करत जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. माझा मेहुणा चंदीगडला नोकरीला असतो, त्याच्याकडे मारुतीची मॅन्युअल गिअरची पेट्रोल जिम्नी आहे. "दाजी, फोर बाय फोर आहे आपली, काळजीच नको" असं तो फोनवर म्हणाला आणि मी, बायको आणि तो असे तिघं निघालो. बुकिंग वगैरेचं काही सांगण्यासारखं नाही, सगळं सुरळीत झालं. जोर दोन चाकांना द्यायचा की चारही, हे ठरवणाऱ्या गाडीतल्या छोट्या लिव्हरबद्दल मात्र भरपूर सांगायचंय, कारण निघताना आम्हाला जे माहीत होतं ते अर्धवट होतं.

दिवस पहिला: चंदीगड ते नारकंडा

शिमल्यापर्यंत नेहमीचा रस्ता आणि नेहमीची गर्दी. कुफरीच्या पुढे देवदारांच्या सावलीत रस्त्याच्या कडेला बर्फ दिसायला लागला आणि नारकंड्याच्या आधी शेवटचे काही किलोमीटर रस्ताच पांढरा झाला. नारकंडा साधारण २७०० मीटरवर आहे, संध्याकाळचे पाच वाजलेले, दिवसभर वितळून पाणी झालेलं आता परत गोठत होतं.

मागची चाकं एका चढावर जराशी फिरली आणि मेहुण्याने लिव्हर टू-हायवरून फोर-हायवर घेतला. सरळ रस्ता, पाय रेसवरून काढलेला, गाडी चालतच होती, खट्ट करून पडला. फरक लगेच कळतो. मागून ढकलत असलेली गाडी एकदम चारी पायांवर चालायला लागते. तिघांनाही इतका आनंद झाला की पुढचा अर्धा तास आम्ही त्याच विषयावर बोलत होतो.

ज्यांनी अशी गाडी कधी चालवली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टू-हाय म्हणजे जोर फक्त मागच्या दोन चाकांना, कोरड्या रस्त्यावर हेच. फोर-हाय म्हणजे पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात, चारही चाकांना जोर, वेग मात्र नेहमीसारखा ठेवता येतो. फोर-लो म्हणजे तेच पण वेग जवळपास निम्मा आणि ताकद दुप्पट, यासाठी गाडी थांबवून, क्लच दाबून लिव्हर टाकायचा. थारमध्येही हाच प्रकार आहे. बऱ्याच नव्या एसयूव्हींमध्ये ऑल व्हील ड्राइव्ह असतो, म्हणजे चारही चाकांना जोर गाडी आपोआप वाटते, लिव्हर नसतो, आणि फिरवायच्या बटणावर स्नो, मड, सँड असे मोड असतात, ते प्रकरण वेगळं, त्याबद्दल पुढे काझाच्या दिवशी लिहितो.

दिवस दुसरा: नारकंडा ते कल्पा

सकाळी नारकंड्यातून निघताना फोर-हाय होता तो तसाच राहिला. खाली उतरत रामपूरकडे येता येता बर्फ कधी संपला हे गप्पांमध्ये कळलंच नाही, आणि रामपूर तर हजार मीटरच्या आसपास, तिथे स्वेटरसुद्धा काढावासा वाटतो. एका अरुंद वळणावर गाडी मागे-पुढे करून वळवताना स्टिअरिंग जड लागलं, चाकं अडखळत उड्या मारल्यासारखी चालली आणि खालून कडकड आवाज आला. बायको म्हणाली, काहीतरी तुटलं. लिव्हर टू-हायला घ्यायला गेलो तर हलेचना.

तुटलं काही नव्हतं. वळताना पुढची चाकं बाहेरच्या मोठ्या वर्तुळावरून जातात म्हणजे त्यांना जास्त अंतर कापावं लागतं आणि मागच्यांना कमी. बर्फावर किंवा मातीत चाक थोडं घसरून हा हिशोब आपोआप मिटवतं. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग तो सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठत जातो आणि लिव्हर आवळला जातो. मेहुण्याने स्टिअरिंग सरळ करून गाडी सात-आठ फूट रिव्हर्स घेतली, पीळ सुटला, लिव्हर लोण्यासारखा निघाला. कुणाचा अडकला तर हाच उपाय करा, जोर लावून लिव्हर ओढू नका. आणि पांढरा रस्ता काळा झाला की पहिलं काम टू-हाय. आम्ही त्यानंतर हे काम बायकोकडे दिलं, काळा रस्ता दिसला की ती नुसतं "टू" म्हणायची.

रामपूरच्या पुढे सतलजच्या काठाकाठाने जाताना तो कातळात कोरलेला रस्ता लागतो, डोक्यावर खडक आणि खाली दरी. टापरीला राजमा-भात खाल्ला, भात वाफाळलेला आणि राजमा बोटाने दाबला तर विरघळेल असा, तो मी अजून विसरलेलो नाही. पोवारीवरून वर रिकाँग पिओ आणि तिथून कल्पा हा चढ पुन्हा बर्फाचा. वर पोचलो तेव्हा समोर किन्नर कैलास गुलाबी झालेला होता आणि आम्ही तिघंही गाडीतून उतरून पंधरा मिनिटं काही न बोलता उभे राहिलो.

दिवस तिसरा: कल्पात अडकलो

रात्रभर बर्फ पडला. सकाळी गाडीच्या जागी एक पांढरा ढीग. होमस्टेचे मालक, सफरचंदाच्या बागा असलेले साठीचे गृहस्थ, म्हणाले आज निघू नका, खालच्या रस्त्यावर डोंगरावरून दगड येतात. आम्ही ऐकलं, आणि तो दिवस पूर्ण ट्रिपमधला सगळ्यात उपयोगाचा ठरला.

कारण दुपारी ऊन पडल्यावर अंकल स्वतःच म्हणाले, चला, गाडी काढा. गावाबाहेर एका सपाट मोकळ्या जागेवर, जिथे आपटायला काही नाही, त्यांनी मेहुण्याला पंचवीसच्या वेगाने नेऊन ब्रेक मारायला लावला. आधी टू-हायमध्ये, मग फोर-हायमध्ये. मी बाहेर उभा राहून पावलांनी अंतर मोजत होतो. दोन्ही वेळा गाडी थांबायला जवळजवळ तेवढीच पावलं लागली! पटत नव्हतं म्हणून पुन्हा केलं, पुन्हा तेच. अंकल हसत म्हणाले, "बेटा, ब्रेक तो हर गाडी में चारों पहियों पर होता है." म्हणजे फोर बाय फोरमुळे गाडी निघते लवकर, चढते छान, पण थांबायच्या वेळी ती इतर गाड्यांसारखीच. उलट सहज चढल्यामुळे रस्ता किती निसरडा आहे याचा अंदाजच येत नाही, आणि तो येतो उतारावर.

मग त्यांनी जवळच्या एका उतारावर फोर-लो, दुसरा गिअर टाकून सगळे पाय बाजूला घ्यायला सांगितले. क्लच नाही, ब्रेक नाही, रेस नाही. गाडी मुंगीसारखी, त्याच एका वेगाने खाली आली. इंजिन तिला धरून ठेवतं आणि ते धरणं चारही चाकांत वाटलेलं असतं, ब्रेक मारल्यासारखी चाकं एकदम जाम होत नाहीत. मी विचारलं पहिला गिअर का नको? तर काचेसारख्या बर्फावर फोर-लोचा पहिला इतका जोरात धरतो की चाकंच घसरायला लागतात, आणि चढावर त्याच पहिल्यात ताकद इतकी की रेसला बोट लावलं तरी चाकं जागेवर फिरतात. म्हणून निखळ बर्फावर दुसरा, आणि पहिला राखून ठेवायचा खोल बर्फ, दगड, खड्डे यासाठी. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

रात्री तंदूरपाशी बसलो (खोली गरम करायच्या लोखंडी शेगडीला, बुखारीला, इकडे तंदूरच म्हणतात), अंकलनी किन्नौरचे चिलगोजे (पाइनच्या बिया) सोलून सोलून दिले आणि जाताना एकच सांगितलं, शंका आली की आधी उतरा आणि पायाने बघा, लिव्हर नंतर.

दिवस चौथा: कल्पा ते ताबो

रिकाँग पिओच्या खाली टाकी फुल केली. पेट्रोल इथे नक्की भरा, पुढे थेट काझालाच भरवसा. साडेआठला निघालो, त्याआधी निघू नये, रात्री गोठलेलं पाणी सावलीच्या वळणांवर तसंच असतं. स्पीलो, पूह, मग खाबला स्पिती नदी सतलजला मिळते तो पूल. तिथून का लूप्स, एकावर एक वळणं, रस्ता कोरडा ठणठणीत म्हणून टू-हाय.

नाकोच्या पुढे मलिंग नाला. या जागेचं नाव किन्नौरमधल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडी असतं. वरून पाणी येतं, रस्त्यावरून वाहतं आणि गोठतं, थरावर थर. आम्ही पोचलो दुपारी एकला, ऊन लागून वरचा थर ओला झालेला, आणि ओला बर्फ हा सगळ्यात वाईट. फार थंडीतला कोरडा बर्फ टायरला बरीच पकड देतो, पायाखाली करकर वाजतो तो. शून्याच्या आसपासचा पाण्याने माखलेला बर्फ साबणासारखा.

पुढे एक अल्टो थांबलेली, लोकल टॅक्सी, साधी टू व्हील ड्राइव्ह. ड्रायव्हर, विशीतला पोरगा, खाली बसून पुढच्या चाकांना बर्फात पकड देणारी लोखंडी चेन बांधत होता. आम्ही उतरलो, अंकलचं ऐकून बर्फावर चालून बघितलं, मी दुसऱ्याच पावलाला बसलो. साधारण चाळीस मीटर पट्टा, दरीच्या बाजूला किंचित कललेला. तो कल बघून पोटात गोळा आला खरं सांगतो.

पोराने आधी नेली. चेनचा खणखण आवाज करत, एका लयीत, कुठेही न थांबता तो पलीकडे गेला. मग परत चालत आला आणि मेहुण्याला म्हणाला, फोर-लो, दूसरा गिअर, डोंगराच्या बाजूला चिकटून, आणि मध्ये काहीही झालं तरी ब्रेक नाही. बायको आणि मी पायी पलीकडे गेलो, गाडीत एकच माणूस. मागचं चाक एकदा दरीकडे वीतभर सरकलं, मेहुण्याने रेस तशीच धरून ठेवली आणि गाडी सरळ झाली. तो उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. पोराला पैसे देऊ केले तर घेतले नाहीत.

चेनबद्दल: बर्फाच्या निखळ थरावर चांगली चेन ही नुसत्या फोर-व्हीलपेक्षा जास्त कामाची, हे त्या अल्टोने आम्हाला दाखवलं. आमच्याकडे चेन होती पण कधी बांधून बघितली नव्हती, थंडीत हातमोजे घालून पहिल्यांदा बांधायला गेलं तर अर्धा तास जातो. घरी अंगणात दोनदा बांधून बघा. एकच जोडी असेल तर पुढे बांधायची का मागे हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, गाडीप्रमाणे बदलतं. वेग तीस-चाळीसच्या आत, आणि काळा रस्ता आला की काढायची.

सुमदोला चेकपोस्टवर नोंद केली, संध्याकाळी ताबो.

दिवस पाचवा: ताबो ते काझा

ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा. बाहेरून मातीच्या साध्या भिंती, आत अंधारात हजार वर्षांपूर्वीची चित्रं आणि मूर्ती. टॉर्च हळूच फिरवत एक तरुण लामा दाखवत होते, श्वासाची वाफ त्या उजेडात दिसत होती.

सकाळी होमस्टेच्या आजी तंदूरमधली राख घमेल्यात भरून दारापासून रस्त्यापर्यंत पायवाटेवर टाकत होत्या. रोजचं काम, अंगण झाडल्यासारखं. मी बघितलं, पण डोक्यात तेव्हा काही आलं नाही.

काझाला पोचून हवा तपासली. चंदीगडला २८ भरली होती. थंडीने हवा कमी होते हे माहीत होतं, इथे सकाळी उणे अठरा, म्हणजे चार-पाच पॉइंट तरी उतरले असणार असं धरून चाललो होतो. गेज लावला, २८! दुसऱ्या चाकाला, २८. गेज बिघडला वाटला. पंक्चरवाल्या भैयाने सांगितलं की थंडी हवा बसवते आणि उंची फुगवते, इथे दोन्हींची बरोबरी होते. बरोबरच आहे, काझा ३७०० मीटरच्या आसपास, बाहेरच्या हवेचा दाब कमी म्हणून गेजवर टायरचा दाब जास्त दिसतो. म्हणून उगाच घाबरून हवा भरू नका, गेज जवळ ठेवा आणि सकाळी गाडी चालवायच्या आधी बघा.

तिथेच एक पुण्याचं जोडपं भेटलं, मराठी ऐकून तेच बोलायला आले. त्यांची गाडी ऑल व्हील ड्राइव्ह, स्नो मोडवाली. त्या मोडमध्ये रेस मवाळ होते, पाय दाबला तरी इंजिन हळूहळू जोर देतं, चाक फिरायला लागलं की लगेच आवरतं. नवख्या हाताला खूप सोपं. पण त्यांना एका खोल बर्फाच्या चढावर मोड गाडीचा जोर इतका कापायला लागला की गाडी उभीच राहिली, मग ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून चाकं थोडी फिरू दिली तेव्हा निघाली. त्यांच्याकडे फोर-लो नाही त्यामुळे उतारावर वेग आपोआप धरून ठेवणारा हिल डिसेंट कंट्रोल, तो ब्रेकवर चालतो. मला विचाराल तर साध्या बर्फाच्या रस्त्यावर त्यांची गाडी आमच्यापेक्षा निवांत होती, कारण कोरडं-ओलं-कोरडं अशा रस्त्यावर त्यांना सारखा लिव्हर हलवावा लागत नव्हता. लांब तीव्र उतारावर मात्र मी लिव्हरवाली गाडीच घेईन.

रात्री: हँडब्रेक ओढायचा नाही, गोठून चिकटतो. गाडी गिअरमध्ये टाकायची, चाकाला दगड, वायपर उभे. डिझेलवाल्यांनी डिझेल घट्ट होण्याचा विचार आधीच करावा, आमच्या शेजारची डिझेल गाडी सकाळी अकरापर्यंत ऊन खात उभी होती. रात्री थुक्पा (नूडल्सचं गरम सूप) प्यालो, वाटी हातात धरून बसणं हेच अर्धं सुख.

दिवस सहावा: की, किब्बर, चिचम

की मठ ४१६६ मीटरवर. वर आम्हाला एका लामांनी लोणी-मिठाचा चहा दिला, बायकोला इतका आवडला की तिने तीनदा घेतला. किब्बरमध्ये फेब्रुवारीत हिमबिबट्याचे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते, भल्यामोठ्या लेन्स घेऊन लोक कड्याकडे नजर लावून बसलेले. आम्हाला बिबट्या नाही दिसला, भरल या डोंगरी जंगली मेंढ्यांची झुंड दिसली. २०१७ साली सुरू झालेल्या चिचमच्या पुलावर उभं राहून खाली बघितलं, दरीचा तळ दिसतो पण आवाज येत नाही.

परतताना गाडी मी चालवत होतो. सकाळी वर येताना फोर-हाय मस्त चालला होता म्हणून उतरतानाही तोच, तिसरा गिअर, वीस-पंचवीसचा वेग. किब्बरच्या खाली एका सावलीच्या वळणाआधी टायरचा करकर आवाज एकदम बंद झाला आणि स्टिअरिंग हलकं झालं. ते दोन सेकंद मला अजून आठवतात. मी ब्रेक मारला. पायाखाली पेडल धडधडायला लागलं, चाकं जाम होऊ न देणारा एबीएस चालू झाला, आणि गाडी स्टिअरिंग वळवलेलं असूनही सरळच चालली. मेहुणा ओरडला, "दाजी, ब्रेक सोडा!" सोडला, चाकांना जराशी पकड आली, नाक डोंगराच्या बाजूला वळलं आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात पुढचं चाक रुतून आम्ही थांबलो. नशीब की डोंगराच्या बाजूला. बायको काहीच बोलली नाही, फक्त माझा हात धरला.

चूक माझी होती आणि ती वळणाच्या बरीच आधी झाली होती. वरून उतार सुरू होतो तिथेच थांबून फोर-लो टाकायला हवा होता. सुरुवातीला वेळ असतो, मध्ये नसतो. आणि टायरचा आवाज बंद होणं ही खूण लक्षात ठेवा, काळा बर्फ डोळ्याला ओल्या डांबरासारखा दिसतो पण कानाला कळतो.

मागून गावातला एक पिकअप आला, तिघं उतरले, न विचारता फावडं काढलं. कडेची माती खरवडून चाकांखाली टाकली, आमच्या गाडीतलं पायपुसणं घातलं, फोर-लो, रिव्हर्स, रेस जेमतेम. निघाली. त्यातले एक काका म्हणाले, मातीपेक्षा राख चांगली, तुम्ही राख ठेवत नाही का?

दिवस सातवा आणि आठवा: परत

त्या रात्री काझाच्या होमस्टेमध्ये राखेचं एक पोतं मागितलं. ताईंना आश्चर्य नाही वाटलं, त्यांनी चाळून, निखारे नसल्याची खात्री करून भरून दिलं.

साडेआठच्या आधी निघू नये असं वर म्हटलंय, पण दुसऱ्या दिवशी मलिंगसाठी मुद्दाम काझाहून लवकर निघून तिथे साडेदहाला पोचलो, ऊन अजून नाल्यावर आलं नव्हतं, बर्फ कोरडा आणि कडक. पोतं काढलं, बायको आणि मी दोन चाकांच्या दोन ओळी आखत राख टाकत गेलो, मेहुण्याने फोर-लो टाकला. राखाडी पट्ट्यांवरून जिम्नी आली, एकदाही न सरकता. पलीकडे दोन गाड्या थांबलेल्या होत्या, एक साधी हॅचबॅक, त्यांनी विचारलं आम्ही जाऊ का याच्यावरून. पोत्यात थोडी राख उरली होती, ती त्यांच्या बाजूच्या तोंडाला टाकून दिली आणि ते दोघंही पलीकडे जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग बायकोने पुढचा काळा रस्ता बघितला आणि म्हणाली, "टू."